सहा कन्फर्मेशनचा हिशेब : प्रूफ ऑफ वर्कच्या सुरक्षेवरच्या प्रकल्प नोंदी, ठाणे

५ जुलै २०२५, शनिवार

ऐरोलीच्या ऑफिसात दर गुरुवारी डबा खाऊन झाला की आम्ही पाचजण अर्धा तास एकत्र बसून काहीतरी वाचतो. सध्या ब्लॉकचेन चालू आहे, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) एकामागे एक जोडून होणारी साखळी, जिची प्रत सगळ्यांकडे असते. परवा नुकताच कामाला लागलेला मुलगा म्हणाला, "ताई, सहा कन्फर्मेशन झाली, म्हणजे व्यवहाराच्या ब्लॉकसकट सहा ब्लॉक जोडले गेले, की व्यवहार पक्का म्हणतात. हा सहाचा आकडा आला कुठून?" मी म्हणाले, "तशी पद्धत आहे." ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाणे येईपर्यंत ते उत्तर मला खुपत राहिलं. पद्धत आहे हे खरं, पण पद्धतीमागे गणित असतं आणि ते मला माहीत असायला हवं होतं.

म्हणून हा प्रकल्प. मराठीत एक टिपण लिहायचं. बिटकॉइनसारख्या साखळीला 'सुरक्षित' म्हणतात तेव्हा नेमकं काय सिद्ध झालेलं असतं, ते त्यात यायला हवं. सोबत पायथॉनमध्ये छोटा सिम्युलेटर, आकडे पडताळायला. मुदत गणपतीपर्यंत. कॉलेजात मला संभाव्यता शिकवलेल्या मॅडम नौपाड्यातच राहतात, त्यांनी सुट्टीच्या दिवशी तासभर द्यायचं कबूल केलं आहे.

१२ जुलै, शनिवार

सुरुवात बिटकॉइनच्या मूळ निबंधापासून. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तो प्रसिद्ध झाला. सुरक्षेचं गणित शेवटच्या भागात आहे आणि ते जुगाऱ्याच्या दिवाळ्याच्या जुन्या कोड्यावर उभं आहे. नवा ब्लॉक जोडायला संगणकाच्या ताकदीने एक कोडं सोडवावं लागतं (हेच प्रूफ ऑफ वर्क, आणि ते करणारे म्हणजे मायनर), आणि सर्वात लांब साखळी खरी मानली जाते. दुकानदाराने पैसे मिळाले असं समजून माल दिला. हल्लेखोर मात्र तेच पैसे परत स्वतःकडे वळवणारी दुसरी साखळी गुपचूप वाढवतोय. एकूण गणनशक्तीत त्याचा वाटा १० टक्के असेल, तर पुढचा ब्लॉक त्याला मिळण्याची शक्यता ०.१, बाकीच्यांना मिळण्याची ०.९. तो जितके ब्लॉक मागे असेल तितक्या वेळा एक-नवमांशाला स्वतःशी गुणायचं, की तो कधीतरी बरोबरीला येण्याची शक्यता मिळते. प्रत्येक ब्लॉकमागे नऊपट घट.

निबंधातल्या तक्त्यात १० टक्केवाला ६ ब्लॉकनंतर यशस्वी होण्याची शक्यता ०.०००२४२८ दिली आहे, म्हणजे १० लाखांत २४३. धोका ०.१ टक्क्याच्या खाली आणायला १० टक्केवाल्याविरुद्ध ५ ब्लॉक थांबायचं, ३० टक्केवाल्याविरुद्ध २४, ४५ टक्केवाल्याविरुद्ध ३४०.

पण हे सगळं एका विशिष्ट हल्ल्यापुरतं. हल्लेखोराने वेगळंच काही केलं तर? ब्लॉक लपवले, निम्म्या लोकांना एक दाखवला आणि निम्म्यांना दुसरा, दुसऱ्यांचे निरोप अडवून धरले तर? औपचारिक विश्लेषण सुरू होतं ते इथून. तिथे हल्ल्याचं नाव घेत नाहीत. हल्लेखोराला नियमांच्या आत वाट्टेल ते करू द्यायचं आणि तरीही काय टिकतं ते सिद्ध करायचं.

गॅराय, कियायियास आणि लिओनार्डोस यांनी २०१५ मध्ये ही मांडणी नीट केली. त्यांचं मला सर्वात आवडलेलं काम व्याख्यांचं आहे. कॉमन प्रीफिक्स: कोणत्याही क्षणी, कोणत्याही दोन प्रामाणिक माणसांच्या साखळ्यांच्या टोकाकडचे ठराविक ब्लॉक कापले, की उरलेला भाग दोघांकडे तोच असला पाहिजे. चेन क्वालिटी, जिला मी टिपणात 'साखळीचा कस' म्हणणार आहे: कोणताही लांब तुकडा घेतला तर त्यात प्रामाणिकांचे ब्लॉक पुरेशा प्रमाणात असले पाहिजेत. तिसरा गुण, साखळीची वाढ, नंतरच्या कामात वेगळा मांडला गेला: ती ठराविक वेगाने पुढे सरकत राहिली पाहिजे. 'सुरक्षित' हा एक शब्द आपण वापरतो, त्याचे हे तीन वेगळे अर्थ, आणि एक टिकून दुसरा मोडू शकतो.

गृहीतकही लिहून ठेवते: हॅश फलन (कोणत्याही मजकुरातून ठराविक लांबीचा आकडा काढणारं, ज्यावर मायनरांचं कोडं चालतं) म्हणजे निखळ फासा. आधी कधी न विचारलेल्या प्रश्नाला ते पूर्णपणे यादृच्छिक उत्तर देतं. बिटकॉइनचं हॅश फलन एसएचए-२५६ खरोखर तसं आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. सिद्धता त्याच्या पुढे सुरू होते.

१३ जुलै, रविवार

सिम्युलेटर चालला! १० टक्के हल्लेखोर, ६ ब्लॉक, १० लाख फेऱ्या. २४६ वेळा तो जिंकला. तक्त्यात २४३. रात्री साडेअकराला आईला उठवून सांगावंसं वाटलं.

१९ जुलै, शनिवार

मॅडमनी कोड वाचायला मागितला. निकाल पाहिलाच नाही, आधी कोड. पंधरा मिनिटांत बोट ठेवलं: "इथे हल्लेखोराचे ब्लॉक कसे काढलेस?" मी दाखवलं: दुकानदाराचे ६ ब्लॉक व्हायला सरासरी जितका वेळ लागतो तेवढ्या वेळात हल्लेखोराला किती मिळतील, त्याचं पॉयसाँ वितरण (ठरलेल्या वेळात किती घटना घडतील याच्या शक्यता). त्या म्हणाल्या, "सरासरी वेळ का? ६ ब्लॉक कधी चाळीस मिनिटांत होतील, कधी दीड तासात. दीड तास लागले तर त्या दीड तासात हल्लेखोर काय करतोय?"

नाकामोतोंच्या सूत्रात वेळ सरासरीवर गोठवलेला आहे. मी नकळत तेच गृहीतक कोडात घातलं आणि मग तक्ता बरोबर आला म्हणून आनंद मानला. मूळ मजकुराची मी पडताळणी केलीच नव्हती, त्याची नक्कल केली होती.

घरी येऊन नवा सिम्युलेटर लिहिला. यात घड्याळच नाही. प्रत्येक ब्लॉकला एक नाणं, ०.१ ला हल्लेखोर आणि ०.९ ला बाकीचे. प्रामाणिकांचे ६ होईपर्यंत फेकत राहायचं, मग पाठलाग. १० लाख फेऱ्यांत ५८३.

दुपटीहून जास्त.

२० जुलै, रविवार

आज हातानेच सोडवलं. हे जुनं ज्ञान आहे. रोझेनफेल्ड यांनी निगेटिव्ह बायनोमियल वितरण (प्रामाणिकांचे ठराविक ब्लॉक होईतो हल्लेखोराला किती मिळतील याच्या शक्यता) घेऊन बरोबर सूत्र दिलं, आणि ग्रुन्स्पान आणि पेरेझ-मार्को यांनी २०१७ मध्ये ते बीटा फलनाच्या एका ओळीत बसवलं. १० टक्केवाल्यासाठी: १ ब्लॉकनंतर बरोब्बर २० टक्के, २ नंतर ५.६, ३ नंतर १.७१, ४ नंतर ०.५५, ५ नंतर ०.१७८ आणि ६ नंतर ०.०५९ टक्के. म्हणजे १० लाखांत ५९१. माझे ५८३ त्याच्या शेजारीच.

गंमत म्हणजे १ ब्लॉकला नाकामोतोंचा आकडा २०.४६ टक्के आहे, खऱ्यापेक्षा किंचित जास्त. २ पासून पुढे तो कमी पडत जातो. आणि परिणाम व्यवहारातला आहे: ०.१ टक्क्याची अट पाळायची तर १० टक्केवाल्याविरुद्ध ५ पुरत नाहीत, ६ लागतात. ३० टक्केवाल्याविरुद्ध २४ च्या जागी ३२.

सहा! मुलाच्या प्रश्नाचं एक उत्तर सापडलं असं वाटलं, पण मॅडमनी लगेच थांबवलं. पद्धत पडली तेव्हा हे सूत्र कुणासमोर नव्हतं. आकडा जुळला हा योगायोग. टिपणात तो कारण म्हणून लिहायचा नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आता डेल्टा, म्हणजे निरोप पोहोचायला लागणारा उशीर. आतापर्यंत ब्लॉक सापडला की सगळ्यांना त्याच क्षणी कळतो असं धरलं होतं. खऱ्या जाळ्यात निरोपाला वेळ लागतो. डेकर आणि वॉटनहोफर यांनी २०१३ मध्ये मोजलं तेव्हा बिटकॉइनचा ब्लॉक एका नोडपर्यंत, म्हणजे जाळ्यातल्या एका संगणकापर्यंत, पोहोचायला सरासरी १२.६ सेकंद लागत होते. त्या वेळात दुसऱ्या कुणाला ब्लॉक सापडला तर साखळीला फाटा फुटतो आणि दोनातला एक वाया जातो.

बाबांना हे सांगायला गेले तर त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. बाबा बँकेतून निवृत्त झाले, शाखा संगणकाने जोडल्या जाण्याआधीचा बराच काळ त्यांनी काढला आहे. "म्हणजे ड्राफ्ट आणि ॲडव्हाइस," म्हणाले. एका शाखेने डिमांड ड्राफ्ट काढला की त्याची सूचना, म्हणजे ॲडव्हाइस, पैसे देणाऱ्या शाखेला टपालाने जायची. गिऱ्हाईक ड्राफ्ट घेऊन रात्रीच्या गाडीने सकाळी हजर, ॲडव्हाइस मागून चार दिवसांनी. मग काय करायचे? "रक्कम लहान असेल तर सह्या पडताळून देऊन टाकायचो. मोठी असेल तर फोन, तार, नाहीतर थांबा."

किती थांबायचं हे रकमेवर ठरतं, हे ब्लॉकचेनवाल्यांना नव्याने शिकावं लागलं. मी बाबांना ०.०५९ टक्क्याचं कौतुक सांगितलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "एका ड्राफ्टचं काय घेऊन बसलीस? शाखेत दिवसाला शेकड्यांनी यायचे. वर्षात किती फसले, हे विचारायचे आम्हाला." मी हो म्हणून उठले. हा मुद्दा डेल्टाच्या नोंदीत बसत नाही, पण लिहून ठेवते.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

भाऊ डोंबिवलीहून यायच्या आत दोन तास मिळाले आणि दोन्ही एका चुकीत गेले. काळाचं माप असं घेतलं की एकूण दर ताशी नव्हे तर दर एककाला १ ब्लॉक, आणि डेल्टाही १. म्हणजे ब्लॉक येण्याचा सरासरी वेळ आणि निरोप पोहोचायचा वेळ सारखाच. फार घाईची साखळी. हल्लेखोर २५ टक्के. प्रामाणिकांची साखळी ०.७५ च्या वेगाने वाढताना दिसली. इतक्या उशिरा निरोप पोचूनही काहीच वाया जात नाही? अशक्य.

कारण: मी सगळे प्रामाणिक मायनर मिळून एकच माणूस केला होता. त्याला स्वतःचा निरोप स्वतःला लगेच मिळतो, मग फाटा फुटणार कुठून. हजार छोटे मायनर करून पुन्हा चालवलं. ०.४२८.

याचं सूत्र सोपं आणि देखणं आहे, टिपणात ते सविस्तर घेणार. प्रामाणिकांचा एकत्रित दर ह आणि निरोपाचा उशीर ड धरू. साखळीची नवी पायरी चढायला आधी एक ब्लॉक सापडावा लागतो, त्याला सरासरी १/ह वेळ. मग ती बातमी सगळ्यांपर्यंत जाईतो ड वेळ, आणि तोवर जे काही सापडेल ते त्याच पायरीवरचं, म्हणजे वाया. एका पायरीला १/ह + ड. म्हणून वाढीचा दर ह ÷ (१ + ह × ड). ह ०.७५ आणि ड १ ठेवलं की ०.४२८६.

माझी चूकही अगदी निरर्थक नव्हती. खऱ्या जगात मोठे मायनिंग पूल, म्हणजे एकत्र काम करणारे मायनरांचे गट, असतात आणि पूलच्या आत उशीर जवळजवळ नसतो. म्हणून हजार छोटे मायनर हे सर्वात वाईट चित्र आहे, सिद्धता त्याच्यासाठीच करायची. खरी साखळी याहून थोडी बऱ्या स्थितीत असते. पण त्या बरेपणाची किंमत म्हणजे ताकद मूठभरांच्या हाती.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसात काल रात्रीपासून एकच चर्चा: मोनेरो या दुसऱ्या चलनाच्या साखळीत ६ ब्लॉक उलटले, म्हणजे दुसरी लांब साखळी पुढे आल्याने बाद झाले. एका मायनिंग गटाने आपल्याकडे बहुमत असल्याचा दावा केला आहे. मुलगा म्हणाला, "ताई, सहाच!" त्याला म्हटलं, मोनेरोचा ब्लॉक २ मिनिटांचा, बिटकॉइनचा १० मिनिटांचा, सहाला सहा जोडू नकोस. पण खरं तर पायऱ्यांच्या शर्यतीत मिनिटं येतच नाहीत, वाटा येतो. डेल्टा ब्लॉकच्या वेळेच्या मानाने लहान असेल तर ६ म्हणजे ६ च. उद्या त्याला हे सांगून माझं वाक्य मागे घ्यायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. रुळांवर पाणी, गाड्या बंद, घरूनच काम आणि दुपारपासून तेही नाही. पाच तास सलग बसले. या प्रकल्पातला सर्वात चांगला दिवस.

निरोपांना उशीर होत असतानाही साखळी टिकते, या पास, सीमन आणि शेलात यांच्या २०१७ च्या सिद्धतेचा गाभा आज समजला. निरोपांना उशीर करण्याचा अधिकार ते हल्लेखोरालाच देतात: डेल्टाच्या मर्यादेत तो कुणाचाही निरोप हवा तितका अडवू शकतो. तरीही अधूनमधून एक शांत क्षण येतो. एक प्रामाणिक ब्लॉक सापडतो, त्याच्या आधी डेल्टा वेळ कुणाला काही सापडलेलं नाही आणि नंतरही डेल्टा वेळ काही सापडत नाही. त्या क्षणी सगळ्या प्रामाणिकांच्या हातात तीच साखळी असते. हा एकमताचा क्षण मोडायचा तर हल्लेखोराला त्याच उंचीचा स्वतःचा एक ब्लॉक खर्च करावा लागतो. म्हणून हिशेब मोजणीवर येतो: असे शांत क्षण हल्लेखोराच्या ब्लॉकपेक्षा जास्त वेगाने येत असतील, तर तो कायम तुटीत.

शांत क्षणांचा दर काढणं सोपं आहे. डेल्टाभर कुणाला काही न सापडण्याची शक्यता म्हणजे ई (२.७१८…) या संख्येचा उणे ह × ड इतका घात. आधी एकदा, नंतर एकदा, म्हणून तो दोनदा गुणायचा आणि ह ने गुणायचं.

बिटकॉइनसाठी डेल्टा १० सेकंद, ब्लॉक ६०० सेकंद घेतले. हल्लेखोराचा वाटा ४९.५८ टक्क्यांच्या खाली असेल तर सिद्धता लागू. जवळजवळ निम्मं. छान.

मग माझ्या घाईच्या साखळीला लावलं, जिथे डेल्टा आणि ब्लॉकचा वेळ सारखा. १५.६ टक्के.

इथे थांबले. कारण ९ तारखेच्या सूत्राने दुसऱ्या बाजूचा हिशेब करता येतो. गुप्त साखळी वाढवणारा हल्लेखोर प्रामाणिकांच्या वाढीला कधी मागे टाकतो? त्याचा दर ह ÷ (१ + ह × ड) पेक्षा जास्त झाला की. घाईच्या साखळीसाठी हे वर्गसमीकरण होतं आणि उत्तर येतं (३ − √५) ÷ २, म्हणजे ३८.२ टक्के. सुवर्ण गुणोत्तराच्या घरचा आकडा असा अचानक समोर आला आणि मी वहीत त्याच्याभोवती चौकट केली.

म्हणजे ३८.२ च्या वर साखळी मोडते हे मी दाखवू शकते, १५.६ च्या खाली टिकते हे सिद्ध करू शकते, आणि मध्ये २२.६ टक्क्यांचा पट्टा ज्यात माझ्याकडे हल्लाही नाही आणि सिद्धताही नाही. बिटकॉइनसाठी हाच पट्टा ४९.५८ ते ४९.७९ इतका अरुंद आहे, म्हणून तिथे तो डोळ्यांत भरत नाही. २० टक्क्यांचा हल्लेखोर माझ्या घाईच्या साखळीला मोडू शकतो का? १५.६ हा आकडा साखळीचा दुबळेपणा सांगतो की आमच्या मोजणीचा?

रात्रभर ३० टक्क्यांच्या हल्लेखोराला वेगवेगळ्या चाली देऊन चालवलं. निरोप अडवणे, दोन फाटे समान ठेवून प्रामाणिकांना विभागणे, मध्येच गुप्त साखळी सोडणे. एकही टिकाऊ मोड नाही. पण सिम्युलेटरला मी सुचवलेल्या चालीच माहीत. यातून काही सिद्ध होत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पाऊस उघडला. मॅडमबरोबर तलावपाळीला एक फेरी मारली, मग गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्यावर बसून बोललो. त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं: २०२० मध्ये दोन गटांनी, डेम्बो आणि सहकाऱ्यांनी एकीकडे आणि गाझी, कियायियास आणि रसेल यांनी दुसरीकडे, हा पट्टा पूर्ण मिटवला. खरं उत्तर ३८.२. गुप्त साखळीचा साधा हल्ला हाच सर्वात वाईट हल्ला आहे. त्याला जी साखळी पुरून उरते ती कोणत्याही हल्ल्याला पुरून उरते.

युक्ती अशी. शांत क्षणाची अट सोडून द्यायची. त्याऐवजी असा प्रामाणिक ब्लॉक शोधायचा की त्याच्या आधीच्या कोणत्याही ब्लॉकपासून हल्लेखोराने गुप्त साखळी सुरू केली असती, तरी ती प्रामाणिकांच्या वाढीला पुढे कधीच गाठू शकली नसती. असा ब्लॉक सगळ्यांच्या साखळीत कायमचा राहतो. हल्लेखोराची चाल कितीही गुंतागुंतीची असली, तरी ती अनेक साध्या शर्यतींचा गुच्छच असते आणि असा ब्लॉक त्या सगळ्या एकदम जिंकतो. हल्लेखोर ३८.२ च्या खाली असेल तर असे ब्लॉक येतच राहतात.

म्हणजे १५.६ हा दोष मोजणीचा होता. शांत क्षण फार थोडे मिळतात, पण साखळीला वाढायला शांतता लागतच नाही. गर्दीतही ती वाढते, थोडी हळू.

मी विचारलं, मग २०१७ ची सिद्धता चुकीची का? मॅडम जरा चिडल्याच. "१५.६ च्या खाली टिकते, हे वाक्य आजही खरं आहे. ३८.२ च्या खाली टिकते हे त्याहून मोठं खरं आहे. तुझ्या टिपणात 'मर्यादा' हा शब्द कुठे कुठे आलाय ते तपास आणि प्रत्येक ठिकाणी लिही: कशाची मर्यादा." तपासलं. अकरा ठिकाणी होता, आणि सात ठिकाणी मला स्वतःलाच सांगता येईना की ती साखळीची की सिद्धतेची.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. मुदत संपली, टिपण अर्धं. दीड दिवस काही उघडणार नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

साखळीच्या कसावरचा भाग लिहिला. एक-तृतीयांश ताकदीचा हल्लेखोर ब्लॉक लपवून आणि नेमक्या वेळी सोडून निम्म्यापर्यंत ब्लॉक स्वतःचे करू शकतो, कारण त्याचा प्रत्येक ब्लॉक एक प्रामाणिक ब्लॉक बाद करतो. एयाल आणि सिरर यांनी २०१३ मध्ये हे 'स्वार्थी मायनिंग' म्हणून मांडलं. बरोबरीच्या शर्यती तो नेहमी हरला तरी एक-तृतीयांशाच्या वर त्याला नियम मोडणं फायद्याचं. कॉमन प्रीफिक्स शाबूत आणि कस खालावलेला, असं एकाच वेळी होतं. 'सुरक्षित' या शब्दाचे तीन तुकडे का करावे लागले याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

एक परिच्छेद मॉडेलच्या बाहेरच्या गोष्टींवर. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनची साखळी २४ ब्लॉकपर्यंत दुभंगली, हल्लेखोर कुणीच नव्हता. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने एक ब्लॉक मान्य केला, जुन्या आवृत्तीने नाकारला. सगळे प्रामाणिक तोच नियम चालवतात, हे गृहीतक सिद्धतेच्या पहिल्या ओळीत असतं आणि म्हणून कुणी वाचत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल मोनेरोत १८ ब्लॉक उलटले. तिथे मिळालेले पैसे १० ब्लॉक होईतो खर्चता येत नाहीत, ही मर्यादा ओलांडून.

गाडीत दोघं बोलत होते की एवढं उलटलं म्हणजे ५१ टक्के नक्कीच. मी ऐरोलीला उतरेपर्यंत गप्प बसले, कारण मला आकडा माहीत नव्हता. दुपारी काढला. ३० टक्केवाल्याला १८ ब्लॉकनंतर गाठण्याची शक्यता १.२८ टक्के. लहान आहे. आणि तेव्हा बाबांचं २ ऑगस्टचं वाक्य आठवलं.

१.२८ टक्के एका व्यवहाराचे, एका प्रयत्नाचे. महिनाभर रोज प्रयत्न केला तर?

२१ सप्टेंबर, रविवार

सहा दिवस याच गणितात गेले. हल्लेखोराची चाल अगदी साधी धरली: सतत गुप्त साखळी चालू ठेवायची, प्रामाणिक बरोबरीला आले की सोडून नव्याने सुरुवात, आणि आघाडी एकाच ब्लॉकची उरली असताना ठरवलेले ब्लॉक उलटत असतील, तर तेव्हाच जे हाती आहे ते प्रसिद्ध करायचं. हे पुन्हा नाण्याचंच कोडं, उत्तरात कॅटलान संख्या (अशा चढउताराच्या वाटा मोजणाऱ्या) येतात. डेल्टा शून्य धरला आहे.

२ मिनिटांचा ब्लॉक, ३० दिवस, एकूण २१,६०० ब्लॉक सापडले. ३० टक्केवाला १८ किंवा जास्त ब्लॉक सरासरी ३.६ वेळा उलटवतो. २५ टक्केवालासुद्धा तीन महिन्यांत साधारण एकदा. गणित आणि सिम्युलेटर दोन्ही तेच सांगतात. १८ ब्लॉक उलटले एवढ्यावरून बहुमत सिद्ध होत नाही. होतं की नव्हतं, हे त्या एका घटनेतून कळूच शकत नाही.

मग बिटकॉइनच्या वेगाने, वर्षाला ५२,५६० ब्लॉक, १० टक्केवाला. माझा ०.०५९ टक्के, ज्याचं मी बाबांना कौतुक सांगितलं होतं. ६ किंवा जास्त ब्लॉक उलटण्याच्या घटना: वर्षाला सरासरी ०.४२, म्हणजे साधारण अडीच वर्षांत एकदा. आणि ६ च्या जागी १२ ब्लॉक थांबलं तर? सुमारे २,७०० वर्षांत एकदा. दुप्पट थांबायचं आणि अडीच वर्षांवरून इथपर्यंत! घातांकी उतरण १२ जुलैला कागदावर लिहिली होती, आज ती जाणवली.

हेही लिहिलं पाहिजे की असा हल्लेखोर वर्षभर तोट्यात राहतो. हरलेल्या प्रत्येक शर्यतीतले त्याचे ब्लॉक आणि त्यांचं बक्षीस वाया. तो तोटा या गणितात नाही.

२०१५ च्या व्याख्येत हे आधीपासून होतं. कॉमन प्रीफिक्स एका व्यवहाराबद्दल बोलतच नाही. ती संपूर्ण कालखंडाबद्दल आहे: या सगळ्या काळात, कोणत्याही क्षणी, कोणत्याही दोघांत. मी ती ओळ जुलैत उतरवली होती आणि तिच्यातला 'कोणत्याही क्षणी' वाचला नव्हता.

टिपणातला तक्ता बदलला. आधी दोन रकाने होते: हल्लेखोराचा वाटा, ब्लॉक. आता चार: वाटा, ब्लॉक, एका व्यवहाराचा धोका, वर्षभरात किती वेळा. बाबांना दाखवला. त्यांनी चौथ्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "रक्कम कुठे आहे?" पाचवा रकाना रिकामा आखून ठेवला आहे, तोट्याचं गणित झालं की भरीन.

उद्या घटस्थापना. गुरुवारच्या बैठकीसाठी पाच प्रती काढायच्या आहेत, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे, दोन्ही बाजूंनी.